वायूंतून हिरा

‘हिऱ्यापोटीं गारगोटी’ ही म्हण आपल्यापैकीं बहुतेकांनीं वडील माणसांच्या तोंडून ऐकलेली असेल. थोराच्या पोटीं नादान निपजला म्हणजे ती उच्चारावयाची. आज मी जी हकीकत आपल्यापुढें मांडणार आहें, ती ह्या म्हणीच्या अगदीं उलट आहे. ज्याच्या पोटीं काजळीवांचून दुसरें कांहीं निपजेल अशी कोणाची अपेक्षा नव्हती, अशा एका सामान्य वायूच्या पोटीं विसाव्या शतकांत हिरा जन्मास आला.

त्या वायूचें नांव मिथेन. १७७६ सालीं इटलींतील मॅजोरे सरोवराच्या कांठीं अलेस्सांद्रो व्होल्टा ह्या शास्त्रज्ञानें चिखल ढवळून वर येणारे बुडबुडे गोळा केले आणि ह्या वायूची ओळख जगाला करून दिली. म्हणून जुन्या पुस्तकांत त्यास दलदलीचा वायु म्हणत. गोबरगॅसमध्यें मोठा वांटा त्याचाच असतो. आणि मुंबई-पुण्याकडे ज्या घरांत नळानें स्वयंपाकाचा गॅस येतो, तेथें तर तो रोज दोन्ही वेळां पेटविला जातो. शेगडीची ज्योत निळी असते तोंवर सर्व ठीक. पण छिद्रें तुंबून ती पिवळी झाली कीं पातेल्याचें बूड काळें होतें. ही काजळी म्हणजे त्या वायूंतलाच कर्ब. तो कर्ब काजळी होऊन न बसतां हिरा होऊन बसेल काय, असा हा प्रश्न आहे. त्याचें पहिलें होकारार्थी उत्तर १९५२-५३ च्या सुमारास मिळालें; परंतु जगानें तें मनापासून खरें मानावयास सुमारें तीस वर्षें गेलीं. हा विलंब मला त्या शोधाइतकाच विचार करण्याजोगा वाटतो. कारण त्यांत, अगदीं लहान प्रमाणांत कां होईना, माझाही हात आहे. तो प्रसंग पुढें ओघानें येईलच.

हिरा म्हणजे काय, ह्या प्रश्नाचें उत्तर माणसाला तो जाळूनच मिळालें. १७७२ सालीं पॅरिसमध्यें लाव्हाझिए ह्या रसायनशास्त्रज्ञानें एका मोठ्या भिंगानें सूर्याचे किरण एकत्र करून कांचेच्या बंद पात्रांत हिरा जाळला. त्यापासून निघालेल्या वायूनें चुन्याची निवळी दुधासारखी पांढरी झाली. कोळसा जाळल्यावर निघणारा वायु नेमका हेंच करतो. पुढें १७९७ सालीं इंग्लंडांत स्मिथसन टेनंट ह्यानें तराजू हातीं घेतला, आणि सारख्या वजनाचा हिरा व कोळसा जाळले तर सारखाच वायु मिळतो, हें दाखवून दिलें. राजमुकुटांतला हिरा आणि चुलींतला कोळसा हे एका मायचे भाऊ ठरले.

मग फरक कशांत? अणूंच्या मांडणींत. आपल्या शिसपेन्सिलींत जें ग्राफाइट असतें, त्यांत कर्बाचे अणु पत्त्यांच्या जोडाप्रमाणें थरांवर थर असे रचलेले असतात. एका थरांत ते एकमेकांस घट्ट धरून असतात, पण थराथरांतली ओढ अगदीं दुबळी; म्हणून कागदावर पेन्सिल फिरवितांच थर निसटतात व अक्षर उमटतें. हिऱ्यांत प्रत्येक अणु चार दिशांच्या चार शेजाऱ्यांस सारख्याच बळानें धरून बसलेला असतो. ही रचना अधिक दाट आहे. पाण्याशीं तुलना केली तर ग्राफाइट सव्वादोन पट जड भरतें, आणि हिरा साडेतीन पट. साहजिकच शास्त्रज्ञांच्या मनांत आलें कीं, कर्बास पुरेसें दाबलें म्हणजे तो दाट होईल, आणि दाट झाला म्हणजे हिरा होईल.

ह्या एका कल्पनेमागें एकोणिसाव्या शतकापासून अनेकांनीं आपलें आयुष्य वेंचलें. १८८० सालीं ग्लासगो येथें हॅने ह्यानें लोखंडाच्या जाड नळ्यांत तेलें व इतर द्रव्यें कोंडून त्या तापविल्या. त्यांतील बहुतेक नळ्या फुटल्या. १८९३ सालीं फ्रान्समध्यें म्वासाँ ह्यानें विजेच्या भट्टींत वितळलेल्या लोखंडांत कर्ब मुरवून तें एकदम थंड केलें. दोघांनींही हिरे मिळाल्याचें जाहीर केलें. वाफेच्या टर्बाइनचा जनक चार्ल्स पार्सन्स ह्यानें पुष्कळ वर्षें व पुष्कळ पैसा खर्चून हे सर्व प्रयोग स्वतः करून पाहिले, आणि अखेर असा कौल दिला कीं, आतांपर्यंत प्रयोगशाळेंत कोणासही हिरा करतां आलेला नाहीं. आपलाही अभिमान बाजूस ठेवून दिलेला हा कौल मला फार मोलाचा वाटतो.

शेवटीं दाबाचा मार्ग सफल झाला तो विसाव्या शतकाच्या मध्यास. १९५३ च्या फेब्रुवारींत स्वीडनमधील असेआ कंपनीच्या माणसांनीं सुमारें ८० हजार वातावरणांइतक्या दाबाखालीं बारीक हिरे मिळविले, पण ही गोष्ट त्यांनीं गुप्त ठेवली. १६ डिसेंबर १९५४ रोजीं अमेरिकेंत जनरल इलेक्ट्रिक कंपनीच्या प्रयोगशाळेंत ट्रेसी हॉल ह्यानें स्वतः योजिलेल्या यंत्रांत तेंच साधलें, आणि १९५५ च्या फेब्रुवारींत कंपनीनें तें जगजाहीर केलें. ह्या कामगिरीबद्दल हॉलला कंपनीकडून दहा डॉलरचा बचतरोखा मिळाला, असें तो पुढें सांगत असे. असो. तेव्हांपासून पाठ्यपुस्तकांत एक वाक्य कायमचें बसलें: हिरा होण्यास प्रचंड उष्णता आणि प्रचंड दाब लागतो. वाक्य खोटें नव्हतें, पण अपुरें होतें.

तें अपुरें कां, हें एका साध्या दाखल्यानें सांगतों. डोंगराच्या पायथ्याशीं पसरलेलें खोरें डोळ्यांपुढें आणा. कड्याच्या थोड्या उंचीवर एक खळगा आहे. आपल्या भोंवतालच्या सामान्य दाबांत कर्बाला सर्वांत स्वस्थ जागा म्हणजे तें खोरें, तेंच ग्राफाइट. हिरा हा त्या खळग्यांत अडकलेला धोंडा आहे. खोऱ्यांत उतरणें त्याला अधिक सोयीचें असतें, पण खळग्याची कड ओलांडण्याइतकें बळ त्याच्या अंगीं नसतें. म्हणून तो युगानुयुगें तेथेंच राहतो, आणि आपल्या अंगठीतला हिरा शिसें होत नाहीं. दाबाची पद्धति म्हणजे खोऱ्यांतला धोंडा उचलून खळग्यांत नेऊन ठेवणें. तिला अचाट शक्ति लागते. पण धोंडे जर डोंगराच्या माथ्यावरूनच खालीं सोडले तर? बहुतेक गडगडत खोऱ्यांत जातील हें खरें. परंतु कांहीं वाटेंत त्या खळग्यांत पडणार नाहींत काय? तापलेल्या वायूंतून सुटलेले कर्बाचे अणु हे असेच माथ्यावरचे धोंडे होत.

हा विचार प्रत्यक्षांत आणणारा पहिला मनुष्य म्हणजे अमेरिकेंतील युनियन कार्बाइड कंपनीचा रसायनशास्त्रज्ञ विल्यम एव्हरसोल. १९५२-५३ च्या सुमारास, म्हणजे हॉलच्या यशाच्याही आधीं, त्यानें हिऱ्याची बारीक भुकटी सुमारें हजार अंशांपर्यंत तापवून तिच्यावरून मिथेनसारखा कर्बयुक्त वायु अगदीं कमी दाबानें सोडला. भुकटींतील प्रत्येक कण हा जणूं बीज. वायूंतून सुटलेला कर्ब त्या कणांवर बसे, आणि त्यांतला कांहीं खालच्या हिऱ्याची मांडणी गिरवून स्वतः हिरा होई. पण त्याबरोबर काळा कर्बही सांचे व थोड्याच वेळांत वाढ थांबे. मग तप्त हायड्रोजन दाबानें सोडून ती काजळी धुवून काढावयाची, आणि पुन्हां पहिल्यापासून सुरुवात करावयाची. वाढ इतकी मंद कीं व्यापाराच्या दृष्टीनें तिचा उपयोग शून्य. १९६२ सालीं एव्हरसोलला पेटंट मिळालीं, आणि ही हकीकत पेटंटांच्या कागदांतच पडून राहिली.

तीं पेटंटें मनावर घेणारा एक तरुण प्राध्यापक क्लीव्हलंड येथें होता. त्याचें नांव जॉन अँगस. त्यानें व त्याच्या सहकाऱ्यांनीं हा प्रयोग पुन्हां केला, भुकटीचें वजन वाढल्याचें मोजून दाखविलें, आणि १९६८ सालीं तो वृत्तान्त प्रसिद्ध केला. त्यांनीं वायूंत बोरॉन हें मूलद्रव्य मिसळलें तेव्हां जो हिरा वाढला तो विजेचें वहन करूं लागला. निसर्गांतील निळ्या हिऱ्यांचा रंगही बोरॉनमुळेंच येतो. आपल्या गोवळकोंड्याच्या मुलुखांतून सतराव्या शतकांत परदेशीं गेलेला व पुढें ‘होप’ नांवानें गाजलेला निळा हिरा ह्याच जातीचा. तेव्हां पुरावा हातांत होता. तरीही बहुतेकांनीं तिकडे फारसें लक्ष दिलें नाहीं.

याच काळांत मॉस्को येथील भौतिक रसायन संस्थेंत हेंच काम अधिक नेटानें चाललें होतें. तेथील स्पित्सिन व देर्यागिन ह्यांनीं १९५६ सालींच ह्या पद्धतीवर आपला हक्क नोंदविला होता. पुढें त्यांनीं एक मोठें मर्म शोधलें: हायड्रोजन नंतर धुण्यासाठीं न वापरतां तो मिथेनबरोबरच, आणि तोही सुट्या अणूंच्या रूपांत, सतत पुरवावयाचा. मग काजळी धरतच नाहीं, वाढीचा वेग पुष्कळ वाढतो, आणि हिऱ्याचें बीज नसलेल्या पृष्ठभागावरही हिरा धरतो.

येथें ह्या कथेंतला खरा गुंता सुरू होतो. बोरिस देर्यागिन हा थोर योग्यतेचा शास्त्रज्ञ, परंतु त्याच वर्षांत तो आणखी एका प्रकरणांत गुंतला होता. अतिशय बारीक कांचनळ्यांत पाण्याचा एक नवाच प्रकार सांपडला आहे, तो साध्या पाण्याहून दाट व चिकट आहे, असें त्याच्या प्रयोगशाळेनें जाहीर केलें. ‘पॉलीवॉटर’ ह्या नांवानें त्या पाण्याचा जगभर बोलबाला झाला. पुढें आढळून आलें कीं तें नवें पाणी नव्हतें, साध्या पाण्यांत उतरलेला मळ होता. १९७३ सालीं देर्यागिननें स्वतः ही चूक प्रांजळपणें कबूल केली. पण व्हावयाचें तें नुकसान होऊन गेलें होतें. ज्यांनीं पाण्याविषयीं भलतेंच सांगितलें, त्याच मंडळींकडून आतां चुलीवर हिरे पिकविल्याची वार्ता आली, असें म्हणून पुष्कळ पाश्चात्त्य विद्वानांनीं मान फिरविली. एक खोटा शोध पकडतांना जी सावधगिरी उपयोगीं पडली, तीच पुढें एका खऱ्या शोधाच्या आड आली.

आतां माझी गोष्ट सांगतों. माझें शिक्षण मॅट्रिकपर्यंतचें. पाठ्यपुस्तकांत जें नव्हतें तें त्या काळीं माझ्या दृष्टीनें जगांतच नव्हतें. १९८५ सालीं मी सातवीच्या वर्गाला कर्बाचीं रूपें शिकवीत होतों. फळ्यावर तेंच वाक्य लिहिलें होतें: हिरा होण्यास प्रचंड उष्णता आणि प्रचंड दाब लागतो. मागच्या बाकावरच्या एका मुलानें हात वर केला. “गुरुजी, रशियांत गॅसपासून हिरा करतात. दाब लागत नाहीं. मीं वाचलें आहे.” त्या वेळीं रशियांतून छापून येणारीं स्वस्त विज्ञानपुस्तकें गांवोगांवच्या प्रदर्शनांत मिळत, त्यांतलेंच एखादें त्याच्या हातीं पडलें असावें. मीं विचारलें, “मग तुझ्या आईच्या शेगडीखालीं हिऱ्यांचा खच पडत असेल, नाहीं?” सारा वर्ग खो खो हंसला. तो मुलगा कानशिलें लाल करून खालीं बसला. त्या वर्षीं त्यानें पुन्हां कधीं हात वर केला नाहीं.

आणि गंमत पहा. मीं त्याला हंसलों त्याच्या तीन वर्षें आधींच हा वाद निकालांत निघाला होता. जपानांत त्सुकुबा येथें अकार्बनी पदार्थांच्या संशोधनाची एक सरकारी संस्था होती. तेथें सेताका, मात्सुमोतो, सातो व कामो ह्या मंडळींनीं देर्यागिनचा लौकिक काय आहे ह्याची चिकित्सा केली नाहीं. त्यांनीं प्रयोग केला. १९८२ सालीं त्यांनीं आपलें यंत्र इतक्या बारकाईनें वर्णन करून छापलें कीं कोणासही तें आपल्या प्रयोगशाळेंत उभें करतां यावें.

तें यंत्र मोठें साधें आहे. एका नळींतून हवा काढून घ्यावयाची, आणि तींत सुमारें नव्याण्णव भाग हायड्रोजन व एक भाग मिथेन असें मिश्रण, हवेच्या दाबाच्या साधारण विसाव्या हिश्शाइतक्या दाबानें, सोडावयाचें. आंत टंगस्टनची तार, जुन्या विजेच्या दिव्यांत असे तशी, दोन हजार अंशांहून अधिक तापवून पांढरी लखलखीत करावयाची. तिच्यापासून थोड्या अंतरावर सिलिकॉनची किंवा दुसऱ्या एखाद्या पदार्थाची चकती ७०० ते १००० अंशांवर ठेवावयाची. मग वाट पाहत बसावयाचें. तासाभरांत त्या चकतीवर सुमारें एक मायक्रोमीटर, म्हणजे मिलिमीटरचा हजारावा भाग, इतका हिरा चढतो. आपल्या डोक्याच्या केसाइतका जाड थर हवा असेल तर तीन दिवस थांबावें लागेल. पुढच्याच वर्षीं ह्याच मंडळींनीं तारेऐवजीं सूक्ष्मलहरी वापरून वायूचा तेजोगोल पेटविला. पुष्कळ घरांत अन्न गरम करावयाची जी पेटी असते, तींतल्याच जातीच्या ह्या लहरी.

परंतु जें चकतीवर चढलें तो हिराच, हें कशावरून? येथें आपल्या देशाचा अभिमानानें उल्लेख केला पाहिजे. १९२८ सालीं चंद्रशेखर व्यंकट रामन ह्यांनीं शोधलेला प्रकाशाचा परिणाम आपणांस ठाऊक आहेच. पदार्थावर एका रंगाचा प्रकाश टाकला तर परत येणाऱ्या प्रकाशांत त्या पदार्थाची स्वतःची अशी खूण उमटते. १९३० सालीं सी. रामस्वामी ह्यांनीं हिऱ्याची ही खूण नोंदविली. ती १३३२ ह्या आंकड्याची एकच तीक्ष्ण रेषा होय. ग्राफाइटची खूण निराळ्या जागीं पडते. त्सुकुबाच्या चकतीवर बसलेल्या कणांस हीच कसोटी लावली गेली, आणि १३३२ ची रेषा स्वच्छ उमटली. सोनाराच्या कसोटीच्या दगडासारखी ही कसोटी. तिला प्रयोग करणाराची जात, देश किंवा पूर्वचरित्र विचारावें लागत नाहीं.

त्यानंतर हा विषय वणव्यासारखा पसरला. अमेरिकेंत त्याचा पाठपुरावा करण्यांत पेनसिल्व्हेनिया राज्य विद्यापीठांतील रुस्तुम रॉय अग्रेसर होते; त्यांचा जन्म आपल्याकडील रांचीचा. १९८८ सालीं जपानांतील हिरोसे ह्यांनीं तर लोखंड सांधण्याच्या असिटिलीनच्या ज्योतींत, उघड्या हवेंत, हिरा धरवून दाखविला. म्हणजे मीं वर्गांत थट्टेनें म्हटलेला ज्योतीवरचा हिराही अखेर खरा ठरला!

ह्या साऱ्या प्रक्रियेचें मर्म हायड्रोजनांत आहे. मिथेनच्या रेणूंत कर्बाच्या एका अणूभोंवतीं हायड्रोजनचे चार अणु असतात. तप्त तारेजवळ हायड्रोजनचे रेणु फुटून त्याचे सुटे अणु होतात, आणि हे सुटे अणु फार खोडकर असतात. ते मिथेनचा एक हायड्रोजन हिसकावून त्याला अर्धवट भुकेला ठेवतात. वाढत्या हिऱ्याच्या पृष्ठावर बसलेले हायड्रोजनचे अणुही ते उपटून नेतात. अशा रिकाम्या जागीं तो भुकेला कर्ब येऊन चिकटतो. आणि मुख्य गोष्ट ही कीं, काजळीच्या रूपानें कर्ब बसला तर ते त्यास झपाट्यानें कुरतडून टाकतात, पण हिऱ्याच्या रूपानें बसलेल्या कर्बास त्यांचे दांत सहसा लागत नाहींत. शेतकरी मूठभर बीं पेरतो, पण सारा हंगाम तण काढण्यांत घालवितो; तसें हें आहे. एक भाग मिथेन हें बियाणें, नव्याण्णव भाग हायड्रोजन ही निंदणी. हिरा येथें बळानें घडविला जात नाहीं. जें हिरा नाहीं तें सतत काढून टाकलें जातें, आणि मग जें उरतें तो हिरा असतो.

ह्या शोधामुळें हिऱ्याचें काम बदललें. पूर्वीं हिरा म्हणजे खडा. आतां तो लेपही झाला. हिऱ्याचा लेप दिलेलीं हत्यारें अॅल्युमिनियमच्या मिश्रधातूंसारखे व ग्राफाइटसारखे पदार्थ कापण्यास उत्तम ठरलीं. पोलाद कापण्यास मात्र तीं निरुपयोगी, कारण तापलेलें लोखंड हिऱ्यांतला कर्ब गिळून टाकतें. हिरा तांब्याच्या सुमारें पांचपट वेगानें उष्णता वाहून नेतो. म्हणून तापणाऱ्या विद्युत्‌उपकरणांखालीं त्याची पातळ फरशी बसवितात. फ्रान्समध्यें उभ्या राहत असलेल्या ‘ईटर’ ह्या आंतरराष्ट्रीय प्रयोगभट्टींत प्रचंड शक्तीच्या लहरी आंत सोडण्यासाठीं ज्या खिडक्या योजिल्या आहेत, त्यांच्या चकत्या अशाच वायूंतून वाढविलेल्या हिऱ्याच्या आहेत.

ह्या लेपाचा एक चुलतभाऊही आहे. त्याला हिऱ्यासारखा कर्ब म्हणतात. १९७१ सालीं अमेरिकेंत आयझेनबर्ग व चॅबो ह्यांनीं कर्बाचे विद्युत्‌भारित कण वेगानें पृष्ठभागावर आदळवून तो प्रथम मिळविला. पुढें मिथेन, असिटिलीन अशा वायूंपासूनही तो करूं लागले. त्याला हिऱ्याची शिस्तशीर मांडणी नाहीं. कांहीं अणु हिऱ्याच्या रीतीनें जोडलेले, कांहीं ग्राफाइटच्या. म्हणून तो हिऱ्याइतका कठीण नसला तरी गुळगुळीत व टिकाऊ असतो, आणि त्याला चकती फारशी तापवावी लागत नाहीं. दाढीचीं पातीं, मोटारींच्या इंजिनांचे भाग आणि संगणकांतील माहिती सांठविणाऱ्या चकत्या ह्यांवर हा लेप असतो. घरांत हिऱ्याची अंगठी नसेल, पण हा गरीब चुलतभाऊ बहुधा असतोच.

अंगठीचा विषय निघालाच आहे तर त्याविषयींही दोन शब्द. एक कॅरट म्हणजे दोनशे मिलिग्रॅम. तेवढा कर्ब पाऊण-दोन पेले भरतील इतक्याच मिथेनमध्यें असतो. अर्थात् प्रत्यक्षांत बराचसा वायु वायां जात असल्यानें पुष्कळच अधिक लागतो. २००२ सालीं वॉशिंग्टनच्या कार्नेजी संस्थेंतील शास्त्रज्ञांनीं एकसंध हिरा तासाला ५० ते १५० मायक्रोमीटर अशा वेगानें वाढविल्याचें प्रसिद्ध केलें, आणि दागिन्यांजोगे खडे मिळणें सुलभ झालें. २०१८ सालीं अमेरिकेच्या व्यापार आयोगानें हिऱ्याच्या आपल्या व्याख्येंतून ‘नैसर्गिक’ हा शब्दच काढून टाकला. सुरतेस जेथें जगांतील बहुतेक हिऱ्यांना पैलू पाडले जातात, तेथें हे खडे वाढविण्याचे कारखानेही निघाले. २०२३ च्या अर्थसंकल्पांत भारत सरकारनें त्यांच्या बीजांवरील आयात-कर काढून टाकला आणि संशोधनासाठीं अनुदान दिलें. हे खडे खोटे नव्हेत. ते अस्सल कर्बाचे अस्सल हिरेच आहेत. परंतु त्यांच्या किंमती खाणींतल्या हिऱ्यांपेक्षां फार खालीं आल्या आहेत, आणि नुसत्या डोळ्यांनीं दोहोंतला भेद कळत नाहीं. म्हणून घेणारानें खडा कोणता तें पावतीवर स्पष्ट लिहून घ्यावें, एवढेंच सांगणें.

श्रोतेहो, आतां समारोप करतों. ह्या इतिहासावरून कोणी असें समजूं नये कीं, ऐकलेली प्रत्येक नवलाची गोष्ट खरी मानावी. हॅने आणि म्वासाँ ह्यांच्या हिऱ्यांवर पार्सन्सनें अविश्वास दाखविला, तो योग्यच होता; पॉलीवॉटरवरचा अविश्वासही योग्यच ठरला. पण पार्सन्सनें अविश्वास दाखविण्यापूर्वीं प्रयोग केला होता, आणि त्सुकुबाच्या मंडळींनीं विश्वास ठेवण्यापूर्वीं प्रयोग केला. मधल्या वर्षांत ज्यांनीं माणूस पाहून निकाल दिला, ते विद्वान असूनही चुकले. मग मीं तर एका बारा वर्षांच्या मुलाकडे पाहून निकाल दिला होता, आणि माझ्यापाशीं विद्वत्ताही नव्हती.

त्या दिवशीं मीं काय म्हणावयास हवें होतें, हें मला आतां कळतें. “कोठें वाचलेंस? उद्यां तें पुस्तक घेऊन ये, आपण मिळून वाचूं.” एवढें म्हणण्यास कांहीं पदवी लागत नाहीं.

तो मुलगा आतां पन्नाशी ओलांडलेला गृहस्थ असेल. तो कोठें आहे, काय करतो, मला ठाऊक नाहीं. कदाचित् हें भाषण त्याच्या कानीं पडतही असेल. पडत असेल तर त्याला इतकेंच सांगावयाचें आहे: बाळ, तूं वाचलेलें खरें होतें. गुरुजी चुकले होते.